पावसाने पुसावं, वाडीने पुन्हा रंगवावं

रत्नागिरी जिल्ह्यातली सगळ्यांत जुनी सार्वजनिक चित्रं उघड्या सड्यावर आहेत. उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या गावांच्या माळांवर जांभ्या दगडात हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसं आणि आजवर अर्थ न लागलेल्या भौमितिक रचना कोरलेल्या आहेत. काशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी, जलचर कोरलेले आहेत. अभ्यासक या कातळशिल्पांचा काळ हजारो वर्षं मागे नेतात. गुरं चरतात, पायवाट जाते, पावसाळ्यात गवत माजतं अशा सर्वांच्या जागेवर ती काढली गेली.

गावकऱ्यांना त्यांतली काही आधीपासून ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२च्या सुमारास पद्धतशीर शोध सुरू केला, तेव्हा त्यांची संख्या आणि व्याप्ती हळूहळू जगापुढे आली. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या शोधातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. शोधकर्त्यांनी शाळांनाही या कामात घेतलं. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, गावातल्या जाणत्यांना विचारायचं, की सड्यावर असं काही कोरलेलं तुम्ही कुठे पाहिलंय का? जगाने दखल घ्यावी असा वारसा शोधताना शाळकरी मुलं आणि गावातली म्हातारी माणसं एकमेकांशी बोलली.

पण ती कोरणारे हात कोणाचे होते, त्या हातांना कोणी शिकवलं आणि शिकवणं कधी थांबलं, हे सड्यावरचा दगड सांगत नाही. चित्र टिकलं, विद्या गेली. त्याच जिल्ह्यात दर भाद्रपदात याच्या नेमकं उलट घडतं. दीड लाखांहून अधिक घरांत गणपती येतो आणि दीड, पाच, सात दिवसांनी पऱ्याला, नदीला, समुद्राला परत जातो. मातीची मूर्ती पाण्यात विरघळते. पुढच्या वर्षी ती पुन्हा घडवायची असते, म्हणून घडवणारे हात तयार ठेवावेच लागतात. इथे चित्र जातं आणि विद्या राहते.

वाडीवस्तीतली मुलं आणि तिथलेच कलाकार यांनी मिळून सार्वजनिक जागी करायची कला, हा या पुस्तकाचा विषय. त्याच्याकडे वरच्या दोन उदाहरणांच्या मधोमध उभं राहून पाहावं, अशी माझी विनंती आहे. आपण भिंत रंगवतो तेव्हा ती कातळशिल्पासारखी कायम राहावी अशी इच्छा धरतो. कोकणात ती राहत नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांनी शेवाळलेल्या भिंतीकडे पाहून हळहळतो. मला उलट वाटतं, की दर वर्षी जाणारी आणि दर वर्षी परत करावी लागणारी भिंत हीच मुलांना आणि कलाकारांना जोडून ठेवू शकते.

हे शक्य आहे, याचा पुरावा गणपतीच्या कारखान्यात मिळतो. जिल्ह्यातल्या अनेक गावांत एखाद्या घराची पडवी, माजघर किंवा बाजूची शेड ज्येष्ठ-आषाढात कारखाना होते. शाडूची माती पोत्यांतून येते, भिजते, मळली जाते. चिवटपणा यावा म्हणून तिच्यात कापूस मिसळतात. साच्याचे दोन भाग भरून जोडायचे, हात आणि सोंड लावायची, सांधे पुसायचे, ओल्या कुंचल्याने अंग गुळगुळीत करायचं, सावलीत वाळवायचं. मग पॉलिश पेपर, पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. नागपंचमीच्या आसपास घरोघरचे पाट कारखान्यात येऊ लागतात. पाटाच्या आकाराने मूर्तीचं माप ठरतं. कोणाकडे मूर्ती किती उंच, कोणत्या बैठकीची, कोणत्या रंगाच्या शेल्याची, हे कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं आणि कारागिराला ते तोंडपाठ असतं.

या कारखान्यात शाळेतून आलेली मुलं दारात उभी राहतात. प्रवेश अर्ज नसतो. आधी नुसतं बघायचं. मग माती मळायला मिळते, मग साच्यातून निघालेला उंदीर पुसायला मिळतो, एखाद्या वर्षी पाटाचा रंग, त्याच्या पुढच्या वर्षी पितांबराचा काठ. डोळे मात्र मुख्य कारागीरच आखतो आणि त्या वेळी सगळे गप्प बसतात. कोणत्या कामाला किती वर्षं लागतात, हे मुलाला न सांगता कळतं. आपण पुसलेला उंदीर शेजाऱ्यांच्या घरी पूजेला बसणार आहे, हेही त्याला माहीत असतं. त्याच्या हातात सरावासाठीचं खोटं काम कोणी दिलेलं नसतं. वाडी वापरणार असलेल्या खऱ्या वस्तूचा एक छोटा भाग त्याच्यावर सोपवलेला असतो. शिक्षणाच्या दृष्टीने मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

अशा वातावरणातून काय उगवतं, याचं उदाहरण उत्तर कोकणातल्या सासवण्याचं आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली तिथे जन्मले. घरात गणपती घडवले जात. लहान वयात त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला १९२८चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, आणि आज सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा कलेक्टरच्या पारखी नजरेचं कौतुक करतो. त्याआधीच्या दोन गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. मुलाला घरात मातीचं काम दिसत होतं आणि गावाने त्याला देवळाच्या भिंतीवर चित्र काढू दिलं होतं. दर मुलाच्या वाटेवर रॉथफील्ड येणार नाही. माती आणि भिंत मात्र आपण देऊ शकतो.

गणपतीचा कारखाना हे एकच दार नव्हे, आणि ते एकच असू नये. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत नौका बंदरात आणि किनाऱ्यावर विसावतात. त्यांची डागडुजी होते, त्यांना रंग लागतो, नावं नव्याने लिहिली जातात. खाऱ्या पाण्यात कोणता रंग टिकतो, लाकडाला आधी काय लावायचं, वळणदार फळीवर सरळ अक्षर कसं बसवायचं, हे तिथल्या माणसांना हाताने ठाऊक आहे. दुकानांच्या पाट्या आणि एसटीचे फलक लिहिणारे पेंटर अजून आपल्यात आहेत. नमनाचे मुखवटे करणारे, गावच्या नाटकांचे पडदे रंगवणारे, कातळावर छिन्नी चालवणारे पाथरवट, अंगणात हात न उचलता रांगोळी रेखणाऱ्या बाया, शाळेतले चित्रकला शिक्षक, हे सगळे स्थानिक कलाकार आहेत. सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आणि देवरुखचं डी-कॅड या जिल्ह्यातल्याच कलासंस्था आहेत. आणि मुलांच्या बाजूने पाहिलं तर दिवाळीतला मातीचा किल्ला ही त्यांनी स्वतः उभारलेली सार्वजनिक कलाच आहे. तो रस्त्याकडेला असतो, येणारा-जाणारा थांबून पाहतो, आणि पुढच्या वर्षी तो नव्याने बांधायचा असतो.

असं सगळं असताना हे पुस्तक का लागावं? कारण ही दारं एकेक करून बंद होत आहेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या हलक्या, तयार मूर्ती ट्रकने येऊ लागल्या तेव्हा अनेक घरांनी कारखान्यात पाट देणं सोडलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी पुन्हा नैसर्गिक मातीकडे बोट दाखवलं, पण दरम्यान माती मळणारे हात मुंबई-पुण्याला गेले होते. फ्लेक्स आला आणि पाट्या लिहिणाऱ्या पेंटरच्या घरातला मुलगा ते काम शिकायला थांबला नाही. मुलांच्या संध्याकाळी शिकवणीवर्गांनी भरल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देणारी मुलं खूप आहेत आणि त्या परीक्षांमुळे चित्रकला शाळांत टिकली, हे मान्यच करायला हवं. पण ती मुलं आपल्याच आळीतल्या मूर्तिकाराला ओळखतात का, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी येतं.

दुसरीकडे गावोगावच्या भिंती रंगू लागल्या आहेत. स्वच्छतेच्या स्पर्धांमुळे कुंपणं, पूल, शौचालयांच्या भिंती यांवर चित्रं आली. साताऱ्यातल्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव करताना चित्रकारांनी तिथली घरं रंगवली आणि तो उपक्रम महाराष्ट्रभर पोचला. या सगळ्याचं मी स्वागत करतो. रस्त्यावरच्या भिंतीलाही सुंदर असण्याचा हक्क आहे, हे त्यामुळे लोकांना पटलं. पण पुष्कळ ठिकाणी काम बाहेरून येतं. रंगवणारे चार दिवसांत काम संपवून जातात, भिंतीसमोर राहणारी मुलं बघत राहतात, आणि पुढे त्या भिंतीची जबाबदारी कोणाचीच नसते. जी कामं मुलांना घेऊन होतात, त्यांतही पुष्कळदा मोठ्यांनी बाहेररेषा काढून दिलेली असते आणि मुलांनी आत रंग भरायचे असतात. फोटो निघतात. पुढच्या वर्षी दुसरी भिंत, दुसरी मुलं.

मग पाऊस येतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर झड थेट आदळते. समुद्राजवळ हवेतलं मीठ रंगाखाली जाऊन पापुद्रे सोडवतं. शेवाळ हिरवं येतं आणि उन्हाळ्यात काळं पडतं. म्हणून भिंत निवडताना तिच्यावर पागोळ्या पडतात की छप्पर पुढे आलेलं आहे, पायथ्याशी पाणी साठतं का, गिलावा पोकळ झालाय का, हे आधी पाहावं लागतं. हे ज्ञान गवंड्याकडे असतं, तेव्हा गवंडीही या कामातला कलाकार आहे. गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या जुन्या देवळांवर काव-कलेची चित्रं आहेत. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा काढायचा, अशी ही रीत. याच हवेत टिकेल असं तंत्र आपल्याच भागातल्या कारागिरांनी शोधलं होतं. चुना, काव, गेरू यांचे प्रयोग मुलांनी शाळेच्या मागच्या भिंतीवर करून पाहावेत. रसायनशास्त्राचा इतका चांगला तास वर्गात होणार नाही.

तंत्र कितीही सुधारलं तरी रंगवलेली भिंत कधीतरी जाणारच, आणि हे फक्त कोकणातच होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये जुडी बाका या चित्रकर्तीने १९७६ साली एका पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर काम सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत पाच उन्हाळ्यांमध्ये चारशेहून अधिक तरुणांनी कलाकारांबरोबर सुमारे अर्धा मैल लांबीचं चित्र उभं केलं. त्यांतले कित्येक कायद्याच्या कचाट्यात सापडलेले होते. शाळेच्या पुस्तकात नसलेला आपल्या लोकांचा इतिहास त्यांनी तिथे रंगवला आणि या कामाचा त्यांना मोबदला मिळाला. त्या भिंतीचेही रंग उन्हापाण्याने फिके पडले. २०११ साली ती डागडुजी करून पुन्हा उजळली गेली. मला यातून घ्यावंसं वाटतं ते हे, की काम एका उन्हाळ्यात संपवलं गेलं नाही, तरुणांना परत परत बोलावलं गेलं आणि त्यांच्या श्रमाला किंमत दिली गेली.

आपल्याकडे अशा कामाला वर्षाचा एक क्रम सहज लाभतो. आषाढ-श्रावणात मुलं कारखान्यात जातील आणि मातीवर हात बसवतील. नारळी पौर्णिमेआधी बंदरावर जाऊन रंगाची भाषा शिकतील. दिवाळीत किल्ले बांधताना वाडीतली भिंत हेरून ठेवतील. कार्तिकानंतर भिंत सुकते. तेव्हापासून माघापर्यंतचे दिवस रंगकामाचे. शिमग्याला पालखीबरोबर चाकरमानी गावी येतात, म्हणजे झालेलं काम पाहायला अख्खं गाव हजर असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडलेली आहे आणि त्यात सुतार, माळी, कुंभार यांच्याबरोबर कलाकारांचाही उल्लेख आहे. शाळेला परवानगीचं कारण शोधावं लागणार नाही. फक्त ते दहा दिवस सलग एका सहलीत न संपवता या क्रमात विखरून द्यावेत.

काही अवघड प्रश्नांची चर्चा पुढच्या पानांवर आली आहे, पण त्यांचा उच्चार इथेही करतो. पहिला प्रश्न भिंतीवर काय काढायचं याचा. हे ठरवण्याआधी मुलांनी वाडीत फिरावं. कातळशिल्पांच्या शोधात त्यांनी जसं वडीलधाऱ्यांना विचारलं, तसंच इथेही विचारावं, की या जागी आधी काय होतं, कोणती विहीर बुजली, कोणतं झाड पडलं, कोणती होडी परत आली नाही. रत्नागिरीत एकाच रस्त्यावर देऊळ, दर्गा आणि मासळीबाजार असतो. जे चित्र त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला आपलं म्हणता येईल, तेच सार्वजनिक. म्हणून मूर्तिकाराबरोबर बंदरावरचा रंगारीही हवा आणि दोघांचीही मुलं एका परातीत रंग कालवताना हवीत. दुसरा प्रश्न मुलींचा. कारखान्यात आणि परांचीवर चढून रंगवण्यात मुलगेच पुढे असतात. रांगोळीचा हात ज्यांचा पक्का, त्या मुली खाली उभ्या राहतात. पहिल्या दिवसापासून शिडीवर त्यांची पाळी ठरलेली असावी.

तिसरा प्रश्न पैशांचा. रंगाला पैसे मिळतात, शिडीला मिळतात, उद्घाटनाच्या हारांनाही मिळतात. कलाकाराला मात्र आपल्या गावचंच काम आहे म्हणून सेवा करायला सांगितलं जातं. मूर्तिकाराचा हंगाम तीन महिन्यांचा असतो. बाकीचे महिने तो आंब्याच्या बागेत, गवंड्याच्या हाताखाली किंवा मुंबईच्या गाडीत असतो. भिंतीच्या कामाने त्याला हिवाळ्यात दोन महिन्यांचं मानधन दिलं, तर तो गावात थांबू शकेल, आणि तो थांबला तरच मुलांना शिकायला कोणी उरेल. नगरपरिषद, ग्रामपंचायत, मंडळ किंवा बँक यांच्यापैकी जो कोणी खर्च उचलेल, त्याने कलाकाराचं मानधन अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावं.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे, मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि ज्यांना आपण कलाकार आहोत असं आजवर कोणी म्हटलं नाही अशा कसबी माणसांसाठीही आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याच्या वाडीत कारखाना आहे, त्याने तिथून सुरुवात करावी; ज्याच्याकडे नुसती भिंत आहे, त्याने गवंड्याला घेऊन ती तपासावी. काम छोटं असलं तरी चालेल. एसटी थांब्याची एक बाजू किंवा अंगणवाडीचं कुंपण पुरेसं आहे. मोठ्या भिंतीच्या मोहात पडून एकाच वर्षात थकण्यापेक्षा दहा फूट जागा दहा वर्षं सांभाळणं अधिक उपयोगाचं.

आणि काम पूर्ण झाल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात नावं लिहाल, तेव्हा कलाकाराचं आणि सगळ्या मुलांचं नाव सारख्याच आकारात लिहा. त्याखाली पुढच्या वर्षी काम सुरू करण्याची तारीख लिहा, आणि त्या दिवशी कुंचला हातात घेणाऱ्या दोन धाकट्या मुलांना आजच सांगून ठेवा. त्यांनी या वर्षी फक्त रंग कालवले असतील. पुढच्या वर्षी त्यांना रेषा काढायला द्या, आणि त्यांच्याहून लहान कोणीतरी रंग कालवायला बोलवा.